जुनी जीप : जीर्णोद्धार कीं रूपांतर?

गेल्या महिन्यांत जव्हारच्या एकाच घरांतून आम्हांस दोन पत्रें आलीं. एक थोरल्या बंधूंचें, दुसरें धाकट्यांचें. आणि दोघांपैकीं कोणासही दुसऱ्यानें लिहिल्याची वार्ता नसावी, असें पत्रांच्या भाषेवरून दिसतें. प्रकरण असें : त्यांचे आजोबा डॉक्टर होते. दुसरें महायुद्ध संपल्यावर सरकारी लिलावांत निघालेली एक अमेरिकन लष्करी जीप त्यांनीं घेतली आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर रोगी पाहण्याकरितां वीस-पंचवीस वर्षें ती हांकली. आजोबा गेले, मागाहून वडीलही गेले. जीप मात्र परसांतील पडवींत चाकें रुतवून उभी आहे. थोरल्यांचें म्हणणें, ती आजोबांच्या वेळीं होती तशीच करावी. धाकट्यांचें म्हणणें, तींत डिझेल इंजिन, रुंद टायर आणि प्रखर दिवे घालून तिला आजच्या रस्त्यांजोगी करावी. थोरल्यांच्या पत्राच्या तळाशीं निराळ्या हस्ताक्षरांत एक ओळ आहे : "गाडी कशीही करा, परंतु घाटांत ती थांबली पाहिजे, एवढें दोघांस सांगावें." ही ओळ घरांतील वहिनींची असावी असा आमचा तर्क आहे, आणि साऱ्या पत्रव्यवहारांत शहाणपणाची ओळ तीच होय.

हा प्रश्न एका घराचा नाहीं. ज्या ज्या एकत्र कुटुंबांत मागल्या पिढीची मोटार पडून आहे, तेथें तेथें हे दोन पक्ष उभे राहतात. क्वचित् भंगारवाल्याचा तिसराही. म्हणून हें सदर या महिन्यास आम्हीं त्याकरितांच राखलें आहे.

जुनी गाडी घरच्या अंगणांत खोलावी, नीट करावी आणि हौसेप्रमाणें तींत फेरफारही करावे, हा छंद अमेरिकेंत फार आहे. तिकडे त्याचा विषय बहुधा 'मसल कार' ही असते. आपण तीस पहिलवानी गाडी म्हणूं. १९६४ च्या सुमारास पाँटिॲक कंपनीनें मध्यम आकाराच्या गाडींत ६.४ लिटरचें, ३२५ अश्वशक्तीचें इंजिन बसवून 'जीटीओ' विकावयास काढली. त्याच वर्षीं एप्रिलांत फोर्डची मस्टँग आली. स्वस्त पेट्रोल, रुंद रस्ते आणि तरुणांच्या हातीं खेळणारा पैसा, या तिहींवर ती पिढी पोसली. १९७३ च्या तेलटंचाईनें, धुराच्या नव्या कायद्यांनीं आणि विम्याच्या वाढत्या हप्त्यांनीं तिचा बहर ओसरला. त्या काळीं आपल्याकडे परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध होते. त्यामुळें पहिलवानी गाड्या हिंदुस्थानांत अपवादानेंच आल्या. मराठी घराच्या पडवींत जी अमेरिकन गाडी सांपडते, ती बहुधा त्यांच्या आधींच्या पिढीची असते आणि तींत जीपचा मान पहिला.

मुंबईचा व अमेरिकन मोटारींचा संबंध जुना आहे. १९२६ सालीं फोर्डनें आणि १९२८ सालीं जनरल मोटर्सनें आपल्या देशांत व्यवहार सुरू केला. जनरल मोटर्सचा गाड्या जोडण्याचा कारखाना शिवडीस होता. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीनें स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्यास क्रायस्लरच्या गाड्या जोडण्यास आरंभ केला. नुसत्या जोडणीवर न थांबतां येथेंच गाड्या घडवाव्यात, असा सरकारचा आग्रह ठरल्यावर १९५४ च्या सुमारास फोर्ड व जनरल मोटर्स या दोघांनीं आपलें काम आवरलें. जीपची गोष्ट निराळी झाली. 'महिंद्र आणि महंमद' या नांवानें १९४५ सालीं निघालेल्या व पुढें 'महिंद्र आणि महिंद्र' झालेल्या कंपनीनें १९४७ पासून माझगांवास विलिस कंपनीच्या जीपगाड्या जोडल्या, आणि मग त्या येथेंच घडविल्या. म्हणून जीपचें गोत्र टोलेडोचें असलें, तरी घराणें मुंबईचें झालें.

या गाडीचा जन्म घाईंतला आहे. १९४० च्या जुलैंत अमेरिकन सैन्यानें १३५ कारखान्यांकडे हलक्या टेहळणी-गाडीची मागणी केली आणि पहिला नमुना ४९ दिवसांत मागितला. बँटम नांवाच्या लहानशा कंपनीनें कार्ल प्रोब्स्ट यांच्याकडून आराखडा करवून तो मुदतींत हजर केला. परंतु कंपनी लहान. पुरवठ्याचें मोठें काम विलिस व फोर्ड यांच्या वांट्यास गेलें, आणि युद्ध संपेपर्यंत दोघांनीं मिळून सहा लाखांवर जीपगाड्या केल्या. आपल्या घरची जीप कोणाची हें पाहणें सोपें आहे. पुढल्या भागीं, जाळीच्या खालीं, चौकटीचा आडवा तुकडा गोल नळीचा असला तर ती विलिसची, आणि उलट्या पन्हळीसारखा असला तर फोर्डची. फोर्डच्या पुष्कळ बोल्टांच्या माथ्यावर त्या कंपनीचें आद्याक्षरही उठवलेलें असतें. दोहोंचे बहुतेक भाग एकमेकांस चालतात. लष्करी जीपच्या तोंडावर नऊ फटी असतात, नागरी जीपच्या तोंडावर सात. लिलावांतील गाडी म्हणून सांगितलेल्या जीपचें तोंड सात फटींचें निघालें, तर एक तरी पत्रा मागाहूनचा आहे असें समजावें.

इंजिन चार सिलिंडरांचें, सुमारें २.२ लिटरचें, ६० अश्वशक्तीचें. ३२५ पुढें ६० म्हणजे कांहींच नव्हे, असें धाकट्या बंधूंस वाटेल. परंतु या इंजिनांत सिलिंडरचा व्यास सव्वातीन इंचांहून कमी आणि दट्ट्याची धांव साडेचार इंचांच्या जवळ. अशा लांब धांवेच्या इंजिनाची ओढ कमी फेऱ्यांवरच मिळते. म्हणजे गाडी धांवत नाहीं, पण चढते. शेजारच्या लहान दांड्यांनीं चारही चाकें कामास लावतां येतात, आणि सर्व गियरांची ओढ सुमारें दुप्पट करतां येते. डॉक्टरांना मोखाड्याच्या वाटेवर वेग नको होता. चिखलांतून निघणें हवें होतें.

आणि वाट कोणती? जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचारशें मीटर उंचीवर आहे. मुकणे घराण्याचें हें संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांताच्या ठाणें जिल्ह्यांत विलीन झालें. त्याचे शेवटचे अधिपति श्रीमंत यशवंतराव मुकणे यांनीं महायुद्धांत हवाई दलांत सेवा केली होती. १ ऑगस्ट २०१४ पासून हा मुलूख पालघर जिल्ह्यांत मोडतो. आगगाडी येथें कधींच आली नाहीं. जव्हारहून मोखाडा, तेथून त्र्यंबकेश्वर आणि नाशिक, हा सारा रस्ता चढउतारांचा; पावसाळ्यांत शंभर इंचांवर पाऊस, आणि धुकें असें कीं पुढल्या गाडीचा दिवा हातभर अंतरावर आल्याखेरीज दिसूं नये. रस्त्यापासून आंत असलेल्या पाड्यांवरून रोग्यास डोलींत घालून आणावें लागल्याच्या वार्ता २०२२ सालींही मोखाड्याकडून येत होत्या. अशा मुलखांत जी गाडी वीस वर्षें रोग्यांच्या दाराशीं गेली, तिजविषयीं नातवांच्या मनांत माया असावी हें योग्यच आहे. परंतु माया ही कांहीं ब्रेकच्या कामीं येत नाहीं. म्हणून आतां व्यवहाराकडे वळूं.

पहिलें काम कागदांचें. आजोबांच्या नांवें नोंद असलेली गाडी नातवांनीं खोलावयाची, तर आधीं ती नातवांच्या नांवें व्हावयास पाहिजे. मालक निवर्तल्यावर नांव बदलून घेण्याकरितां नमुना ३१ चा अर्ज असतो. त्यासोबत मृत्यूचा दाखला व इतर वारसांची संमति लागते. एकत्र कुटुंबांत या संमतीवरच पुष्कळांचें घोडें अडतें. आत्या, चुलते, परगांवीं दिलेल्या बहिणी, या सर्वांस आधीं विचारावें. चौकटीवरील क्रमांक घासून साफ करावा आणि नोंदणीपुस्तकाशीं ताडून पाहावा. तो जुळत नसेल, तर एक खिळाही न काढतां नोंदणी कार्यालयांत जावें. कागद आधीं, कानस मागून. हा क्रम ज्यांनीं उलटा केला, त्यांची गाडी चकचकीत होऊनही पडवींतच राहिली आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि येथें दोन्ही बंधूंचा वाद जवळजवळ परस्पर मिटतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें कारखान्यानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत ठरेल असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं. ९ जानेवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंही हाच अर्थ स्पष्ट केला. इंजिन बदलावयाचें तर नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी पाहिजे. उलटपक्षीं, जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें पुराण्या गाड्यांकरितां निराळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, आणि चौकट, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदतां येते. तीस 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क आणि मुदत दहा वर्षांची. पुढील नोंदणीस पांच हजार. मात्र अशी गाडी नित्य वापरास किंवा धंद्यास चालत नाहीं. प्रदर्शन, शर्यतवजा मेळावे, संशोधन, आणि पेट्रोल भरणें किंवा दुरुस्ती यांकरितांच ती रस्त्यावर आणावयाची. तेव्हां घरानें आधीं ठरवावें : आपणांस बाजारहाटाची गाडी हवी, कीं आजोबांची? बाजारहाटाची हवी असेल, तर जुनी नोंदणी चालू ठेवून तिचें वेळच्या वेळीं नूतनीकरण करावें. आजोबांची हवी असेल, तर डिझेल इंजिनाचा विचार त्याच क्षणीं सोडावा. कारण एकदां तें बसलें कीं हा दरवाजा लागला.

जीर्णोद्धार व रूपांतर यांतील भेद आमच्या वाचकभगिनींस समजावून सांगण्याची गरज नाहीं. तांब्याच्या पातेल्यास कल्हई केली, तर पातेलें तेंच राहतें आणि पुन्हां त्यांत आमटी करतां येते. तेंच पातेलें भोंकें पाडून दिव्याची हंडी केली, तर दिसावयास कदाचित् अधिक शोभेल. परंतु तें पातेलें गेलें. यावरून आम्ही एक नियम सुचवितों : जो बदल पाना घेऊन उलटा फिरवतां येतो, तो खुशाल करावा, ज्यास कापावें किंवा जाळावें लागतें, तो करूं नये. बोल्टानें बसणारा दिवा चालेल, चौकटीस नवीं भोंकें नकोत. गादी बदला, पण आसनाचा मूळचा सांगाडा टाकूं नका. आणि जो जो मूळ भाग काढाल, तो तेल लावून, कागदांत गुंडाळून, नांव लिहून पेटींत ठेवा.

आतां प्रत्यक्ष काम. दसऱ्यास हत्यारांची पूजा होते, त्याच दिवशीं पाना हातीं घ्यावा हें उत्तम. कारण जव्हारच्या दमट हवेंत पावसाळाभर उघडा पडलेला पत्रा आठवड्यांत गंजतो, आणि ओल्या हवेंत मारलेला रंग पांढुरका पडतो. कोरड्या चार महिन्यांत पत्र्याचें व रंगाचें काम उरकावें. खोलण्यापूर्वीं प्रत्येक बाजूचीं छायाचित्रें काढावीं. प्रत्येक भागाचे नटबोल्ट निराळ्या डब्यांत घालून चिठ्ठी लावावी. चिठ्ठ्या लिहिण्याचें काम घरांतील शाळकरी मुलांस द्यावें. त्यांस तें आवडतें, आणि अक्षरही वडिलांपेक्षां बरें असतें.

मुलांस एवढेंच काम द्यावें, असें मात्र आम्ही निक्षून सांगतों. जुन्या रंगांत शिसें असतें. तो कोरडा घासला कीं त्याची धूळ घरभर उडते आणि लहान मुलांस ती अधिक बाधते. रंग ओला करून घासावा व तें पाणी विहिरीपासून दूर टाकावें. जुन्या ब्रेकच्या व क्लचच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असतो. ती धूळ फुंकून किंवा हवेच्या झोतानें कधींही उडवूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या आसनाखालीं असते व बहुधा सडलेली असते; ती रिकामी दिसली तरी तींत वाफ उरलेली असते, म्हणून तिला घरीं जोड मारण्याचा प्रयत्न करूं नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीही शिरूं नये. खालीं लांकडाचे भक्कम ठोकळे किंवा लोखंडी घोड्या हव्यात. लष्करी जीपचें चाक दोन अर्ध्या भागांचें, नटांनीं जोडलेलें असतें. टायरांत हवा असतां ते नट सैल केले तर चाक बंदुकीच्या गोळीसारखें फुटतें. हवा पूर्ण काढून, तोंडांतील सुई बाहेर घेऊन मगच पाना लावावा.

गंज पाहावयाचा तो वरून नव्हे, खालून. लष्करी जीपच्या तळपत्र्यास खालून आधार देणाऱ्या पन्हळींत कारखान्यानेंच लांकडाच्या पट्ट्या भरल्या होत्या. पावसाच्या मुलखांत त्या पाणी धरून बसतात आणि पत्रा आंतून खातात. हातोडीच्या दांड्यानें ठोकीत जावें. खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत, बद्द आला तर गेलेला. गेलेला तुकडा कापून तेथें तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा जोडणें, हाच उपाय. त्यावर लांबी भरून रंग देणें म्हणजे किडका दांत चांदीच्या पत्र्यानें झांकण्यासारखें आहे.

कित्येक वर्षें न फिरलेलें इंजिन हँडल मारून एकदम फिरवूं नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत थोडें डिझेल व तेल ओतावें, चारपांच दिवस मुरूं द्यावें, आणि मग हँडलनें हळूहळू पुढेंमागें हलवून पाहावें. जुनें तेल काढून तेलाची परात उतरवावी. तींत साठलेला गाळ पाहिल्यावर मागील मालकाचा स्वभाव कळतो. रेडिएटर आणि इंजिनाचे जलमार्ग यांतील गंजाचा राब धुऊन काढल्याखेरीज घाटांत गाडी उकळल्यावांचून राहणार नाहीं. गाडी चालू झाल्यावर हँडल मारतांना आंगठा बोटांच्या बाजूसच ठेवावा, मुठीसारखा वळवूं नये; उलट झटका बसला तर मनगट जाण्यापेक्षां हँडल सुटलेलें बरें. ही शिकवण आजोबांच्या पिढीस ठाऊक होती. मधल्या दोन पिढ्यांत ती लोपली.

पेट्रोलविषयीं एक गोष्ट आजोबांच्या वेळीं नव्हती. आपल्या देशांत २००० सालापासून शिशाचें पेट्रोल बंद झालें; त्याची या इंजिनास फारशी अडचण नाहीं, कारण धूर सोडणाऱ्या झडपांच्या बैठकी मूळच्याच कठीण धातूच्या आहेत. अडचण आहे ती इथेनॉलची. २०२५ सालापासून पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें जुन्या रबराच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि बुचाचीं गॅस्केटें यांस खातें, व हवेंतील ओल शोषून घेतें. पुरेशी ओल शिरली म्हणजे पाणी टाकीच्या तळाशीं वेगळें होऊन बसतें. म्हणून नळ्या व पडदे इथेनॉल सोसणारे घालावे, आणि जून ते सप्टेंबर गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी.

विजेचा भाग लष्करी जीपमध्यें सहा व्होल्टचा आहे, आणि 'बारा व्होल्ट करा' असा सल्ला पहिल्याच दिवशीं मिळतो. तत्त्व समजून घ्यावें. तेवढाच उजेड देण्यास सहा व्होल्टांत दुप्पट प्रवाह लागतो. त्यामुळें तार बारीक असली किंवा सांध्यावर गंज असला, तर तोटाही अधिक होतो. जाड तारा, स्वच्छ सांधे आणि चौकटीशीं पक्की जोडणी एवढें केलें, तर सहा व्होल्ट दिवसाच्या फेरीस पुरतात. रात्रीं, धुक्यांत चालविण्याचा विचार असेल तर बारा व्होल्ट करण्यास आमची हरकत नाहीं. तो बदल उलटा फिरवतां येतो.

आतां वहिनींची ओळ. या जीपमध्यें चारही चाकांना तेलाच्या दाबाचे ब्रेक आहेत. परंतु सर्वांस मिळून एकच मार्ग. एक नळी फुटली, एक रबर गळलें, कीं चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. हातब्रेक चाकांवर नसून मागल्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर आहे. म्हणजे तो दांडा किंवा धुरा मोडली तर तोही गेला. म्हणून ब्रेकच्या सर्व नळ्या, सर्व रबरें, सर्व सिलिंडर नवे घालावे. तेथें 'अजून चालेल' हा शब्द घरांत कोणी उच्चारूं नये. ब्रेकचें तेल हवेंतील ओल ओढतें आणि ओल मिसळलेलें तेल उतारावर तापून उकळतें. दर दोन वर्षांनीं तें बदलावें. पुढल्या व मागल्या चाकांस निराळा मार्ग देणारा दुहेरी मास्टर सिलिंडर बसवावा. येथें आम्ही थोरल्या बंधूंच्या विरुद्ध मत देतों. आजोबांच्या वेळीं तो नव्हता हें खरें. परंतु आजोबांच्या वेळीं त्या रस्त्यावर समोरून ट्रकांची रांगही येत नव्हती. जीर्णोद्धार करतांना देवळास वीजरोधक बसविला म्हणून देऊळ बाटत नाहीं.

धाकट्या बंधूंच्या विरुद्ध आमचें मत याच कारणासाठीं आहे. ही चौकट, हे ब्रेक, हें स्टिअरिंग, सर्व साठ अश्वशक्तीच्या हिशेबानें केलेलें आहे. पुढल्या धुरेवर जड डिझेल इंजिन चढविलें, रुंद टायर घातले, तर स्टिअरिंग जड होतें, किंगपिनचे बेअरिंग लवकर झिजतात आणि खड्ड्यावरून जातांना पुढलीं चाकें थडथड नाचूं लागतात. वेग वाढतो, थांबण्याची शक्ति मात्र तेवढीच राहते. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरील मंडी डबवाली हें गांव नव्या साजाच्या जीपगाड्यांकरितां प्रसिद्ध आहे, आणि तेथील कारागिरांचें कसब आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्यांस तशी गाडी हवी, त्यांनीं कायद्यांत बसणारी नवी गाडी विकत घ्यावी. वीस वर्षें रोग्यांच्या दारीं गेलेली गाडी त्याकरितां कापूं नये. उतार उतरतांना मात्र जुन्या व नव्या गाडीस नियम एकच : घाटमाथ्यावरच खालचा गियर घालावा. या जीपच्या पहिल्या गियरास समकालन नाहीं. उतारावर मध्येंच तो घालूं पाहाल तर दांते करकरतील, गियर बसणार नाहीं, आणि गाडी मोकळी सुटेल.

नुसत्या वरच्या रंगानें काय होतें, याचा धडा आपल्या देशानें आरंभींच घेतला आहे. १९४८ सालीं काश्मीरच्या युद्धाकरितां इंग्लंडांतील आपले हायकमिशनर कृष्ण मेनन यांनीं सैन्यासाठीं जीपगाड्यांचा सुमारें ८० लाख रुपयांचा करार केला. गाड्या जुन्या, दुरुस्त करून द्यावयाच्या. त्यांपैकीं १५५ आल्या आणि त्या निकामी ठरल्या. संसदेंत वादळ झालें, आणि १९५५ सालीं सरकारनें तें प्रकरण मिटलें असें जाहीर केलें. राजकारणाशीं आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. दुरुस्त केलेली गाडी घेणाऱ्यानें खालीं वांकून पाहावें, एवढाच बोध पुरे.

खर्चाविषयीं. नेमका आंकडा सांगणें शक्य नाहीं, कारण तो पत्रा किती सडला यावर अवलंबून असतो. परंतु पद्धत सांगतां येईल. वर्षाचा आंकडा आधीं ठरवावा, आणि घरच्या जमाखर्चांत त्याचें स्वतंत्र खातें मांडावें. आधीं ब्रेक, मग स्टिअरिंग, मग इंजिन, मग वीज, आणि शेवटीं रंग. बहुतेक घरांत याच्या उलट क्रम होतो, आणि पैसे संपतात तेव्हां रंगविलेली गाडी ब्रेकवांचून उभी असते. सुटे भाग मिळत नाहींत ही तक्रार निम्मी खरी आहे. महिंद्रच्या जीपगाड्या याच मूळच्या असल्यामुळें त्यांचे कित्येक भाग चालतात. मुंबईस ऑपेरा हाउसकडील सुट्या भागांचीं दुकानें आणि चोर बाजार येथें पाहावें, व जातांना जुना भाग नमुना म्हणून हातांत न्यावा.

आणि शेवटीं मिस्त्रीविषयीं. जव्हार, मोखाडा, वाडा या बाजूंस रोज खचाखच भरलेल्या जीपगाड्या घाटांतून वाहत्या ठेवणारे मिस्त्री वर्षानुवर्षें काम करीत आले आहेत. त्यांच्यापाशीं पुस्तक नसतें. परंतु गियरपेटीच्या आवाजावरून कोणतें बेअरिंग गेलें हें ते सांगतात. ही विद्या लिहून ठेवलेली नाहीं. आणि संगणकावर चालणाऱ्या नव्या गाड्यांच्या काळांत ती मुलांकडे जात नाहीं. तेव्हां मिस्त्रीस घरीं बोलावावें, त्याची मजुरी घासाघीस न करतां द्यावी, त्याच्या शेजारीं बसावें आणि तो सांगेल तें एका वहींत लिहावें : कोणता नट कोणत्या पान्यानें निघाला, कोठें पत्रा जोडला, कोणतें तेल किती मावलें, कोणता भाग बदलला आणि जुना कोणत्या पेटींत ठेवला. वहीच्या पहिल्या पानावर आजोबा कोणत्या पाड्यांवर जात, हें घरांतील वडील माणसांस विचारून, त्यांस आठवतें आहे तोंवर टिपून ठेवावें. ती वही आसनाखालच्या पेटींत नव्हे, तर कपाटांत, घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी. पुढल्या पिढींत या गाडीवरून पुन्हां दोन भाऊ भांडतील, तेव्हां त्यांस ती लागेल.